पहिला रकाना

दिवाळीच्या आदल्या शनिवारी मी मैत्रिणीकडे चकल्या करायला गेले होते. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला सोऱ्या आणि भाजणीची परात, दुसऱ्या टोकाला तिचा बारावीतला मुलगा लॅपटॉप उघडून बसलेला. "मावशी, यादी फायनल झालीय. एकदा नजर टाकशील?" मी हात पुसून त्याच्याशेजारी बसले. एक्सेलच्या शीटमध्ये २० विद्यापीठं होती, कारण कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्जात २० च भरता येतात. पहिला रकाना रँकचा, दुसरा नावाचा, तिसरा प्रवेशाच्या टक्केवारीचा, चौथा शेवटच्या तारखेचा. सगळी यादी रँकप्रमाणे वरून खाली लावलेली. एकविसावी एक ओळ होती, रॉचेस्टर विद्यापीठाची. ती लाल रंगानं खोडलेली होती.

हा मुलगा दोन वर्षं प्रकाशाच्या नादी लागलेला आहे. बुटांच्या खोक्याला ब्लेडनं फट पाडून, आत जुन्या डीव्हीडीचा तुकडा चिकटवून त्यानं एक वर्णपटमापक बनवला, आणि स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटमधली पाऱ्याची हिरवी रेघ मला दाखवली. आम्ही दोघं बराच वेळ त्या खोक्याला डोळा लावून उभे होतो. रॉचेस्टरमध्ये प्रकाशशास्त्राची स्वतंत्र संस्था १९२९ पासून आहे. १९८५ मध्ये तिथेच पीएचडी करणाऱ्या डोना स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मुरू यांनी लेसरचा स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा आणि शेवटी आकसून घ्यायचा, ही युक्ती शोधली. आज डोळ्यांच्या शस्त्रक्रियांमध्ये जे अतिसूक्ष्म स्पंदांचे लेसर वापरतात, ते या युक्तीमुळे शक्य झाले. २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना त्यासाठीच मिळालं.

"ही ओळ का खोडली?" मी विचारलं.

उत्तर मैत्रिणीनं दिलं. "अगं, छत्तिसावं होतं ते, सत्तेचाळिसावर गेलं. एवढे पैसे ओतायचे, तर घसरणाऱ्या ठिकाणी कशाला?"

माझी मैत्रीण विचारी बाई आहे. ती जे बोलली तेच न्यू जर्सीतल्या घराघरांत बोललं जातं, आणि पुण्या-ठाण्यातून मुलांना इकडे पाठवू बघणारे आईवडीलही हेच धरून चालतात. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात अठरा वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे, आणि दर ऑक्टोबरात मराठी मंडळातली मुलं अशाच याद्या घेऊन माझ्याकडे येतात. ही समजूत चुकीची आहे असं मला वाटतं, आणि तिच्यामुळे मुलांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष नीट मांडावा, ही आपली जुनी रीत आहे. पूर्वपक्षाचं म्हणणं असं. आपण इथे उपरे. कुठलं विद्यापीठ कसं आहे हे सांगायला आपल्याला इथे आत्या-मामा नाहीत. अशा वेळी कुणीतरी शेकडो विद्यापीठांची माहिती गोळा करून, तोलून एक आकडा काढला असेल, तर तो का नाकारायचा? दुसरं, जिथे शंभरांतल्या सात जणांनाच प्रवेश मिळतो ती जागा जिथे चाळिसांना मिळतो त्या जागेपेक्षा चांगलीच असणार, नाहीतर एवढी मुलं तिकडे धावली कशाला असती? तिसरं, निकाल कसे लागतील याचा भरवसा नाही, तेव्हा जितके अर्ज जास्त तितकी कुठेतरी लागण्याची शक्यता जास्त.

या विचाराचं मूळ आपल्याकडेच आहे, आणि तिथे तो अगदी बरोबर आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म ज्यानं भरला आहे त्याला हे लगेच कळेल. सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद असे पसंतीच्या क्रमानं पर्याय टाकत जायचे. शंभराच्या वर पर्याय भरले तरी बिघडत नाही. सीईटीचे गुण एकच, मोजपट्टी एकच, आणि गेल्या वर्षीचा कटऑफ म्हणजे हजारो मुलांनी आपल्या निवडीतून दिलेला कौल. तिथे लांब यादी फुकट असते आणि कटऑफच्या क्रमात अर्थ असतो. माझ्या मैत्रिणीनं आणि तिच्या नवऱ्यानं याच वाटेनं आयुष्य घडवलं. त्यांनी मुलासाठी नकळत कॅपचा फॉर्मच भरला होता. पण अमेरिकेतली प्रवेशाची यंत्रणा वेगळी आहे. इथे प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्रपणे फाईल वाचतं, प्रत्येकाची गरज वेगळी असते आणि मोजपट्टी कुणी जाहीर करत नाही.

आता रँकचा आकडा घेऊ. त्याआधी, रॉचेस्टरसारखं मध्यम आकाराचं विद्यापीठ म्हणजे काय? अमेरिकी विद्यापीठांच्या जुन्या कार्नेगी वर्गीकरणात ३,००० ते ९,९९९ विद्यार्थ्यांच्या संस्थेला मध्यम म्हणत. ब्रँडाइस, राइस, लीहाय, वेक फॉरेस्ट, केस वेस्टर्न रिझर्व्ह, टफ्ट्स, रॉचेस्टर यांच्याकडे पदवीचे विद्यार्थी साधारण साडेतीन ते सात हजारांच्या घरात असतात. आमच्या शेजारच्या रट्गर्सच्या न्यू ब्रन्सविक आवारात ते ३५,००० च्या वर आहेत. दुसरीकडे लिबरल आर्ट्स कॉलेजात दोनेक हजार मुलं असतात, पण तिथे बहुधा पीएचडीचे विद्यार्थी आणि मोठ्या प्रयोगशाळा नसतात. मध्यम विद्यापीठात जायचं ते या दोन्हींच्या मधल्या गोष्टीसाठी. संशोधन मोठं असतं आणि पदवीची मुलं कमी, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही प्रयोगशाळेचं दार ठोठावता येतं आणि प्राध्यापकाला त्याचं नाव माहीत असतं. हे मिळणार नसेल तर चौपट फी देऊन तिथे जाण्यात काही अर्थ नाही.

आपण जी रँक बघतो ती काढणाऱ्या यू. एस. न्यूजच्या सूत्रात हे मोजलं जातं का? एकेकाळी थोडंसं जायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी सूत्र बदललं आणि वर्गाचा आकार हा निकष पूर्णपणे काढून टाकला. पीएचडी झालेल्या प्राध्यापकांचं प्रमाण आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्याही गेल्या. गरीब घरांतली किती मुलं पदवी पूर्ण करतात याचं वजन वाढलं. ते मोजणं योग्यच आहे, समाजाच्या दृष्टीनं ते महत्त्वाचंही आहे. पण त्या एका बदलानं टुलेन ४४ वरून ७३ वर गेलं, वेक फॉरेस्ट २९ वरून ४७ वर, ब्रँडाइस ४४ वरून ६० वर. त्या उन्हाळ्यात वेक फॉरेस्टमधले प्राध्यापक बदलले नव्हते, वर्ग मोठे झाले नव्हते, ग्रंथालय बंद पडलं नव्हतं. ज्यांचं बळ लहान वर्गांत होतं त्यांचं तेवढं बळ हिशोबातून वगळलं गेलं. म्हणजे ज्या कारणासाठी मध्यम विद्यापीठ निवडायचं, नेमकं तेच कारण या आकड्यात आता नाही. ब्रँडाइसमध्ये जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांनी फळमाश्यांवर काम करून शरीरातल्या घड्याळाचा जनुक उलगडला आणि २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळवलं. त्यानंतर सहा वर्षांनी ते विद्यापीठ सोळा पायऱ्या खाली आलं आणि कित्येक घरांतल्या याद्यांतून गळलं.

सूत्रातला २० टक्के भाग आजही प्रतिष्ठेच्या मतदानाचा आहे. विद्यापीठांचे अध्यक्ष, प्रोव्होस्ट आणि प्रवेशप्रमुख इतर विद्यापीठांना एक ते पाच गुण देतात. क्लीव्हलंडमधल्या अधिकाऱ्याला टेक्सासमधल्या विद्यापीठात पदवीच्या मुलांना कसं शिकवतात हे किती ठाऊक असणार? त्याला नाव ठाऊक असतं. आणि ते नाव त्याला बऱ्याचदा गेल्या वर्षीच्या याच यादीतून ठाऊक झालेलं असतं.

आकडे विद्यापीठंच पुरवतात, ही आणखी एक अडचण. अटलांटाच्या एमरी विद्यापीठानं २०१२ मध्ये स्वतःच कबूल केलं की दहा वर्षांहून अधिक काळ त्यांच्याकडून चुकीची माहिती जाणूनबुजून दिली गेली होती. प्रत्यक्ष दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांऐवजी प्रवेश देऊ केलेल्या सगळ्यांचे गुण कळवले जात होते. कोलंबियाचं प्रकरण तर गणितातून बाहेर आलं, म्हणून मी ते दरवर्षी वर्गात सांगते. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या विद्यापीठाचे आकडे तपासून सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं. आपले ८२.५ टक्के वर्ग २० हून कमी विद्यार्थ्यांचे आहेत, असा विद्यापीठाचा दावा होता. पुढे विद्यापीठानंच जाहीर केलेला आकडा ५७ टक्क्यांच्या आसपास निघाला. दुसऱ्या क्रमांकाचं कोलंबिया त्या सप्टेंबरात अठराव्यावर आलं.

इथे माझ्या विषयातली एक गोष्ट सांगते, कारण खरा आकडा दिला तरी तो फसवू शकतो. समजा एका विभागात दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत दहा-दहा मुलं आणि एका वर्गात २१०. "आमचे ९० टक्के वर्ग वीसपेक्षा लहान," हे त्या विभागाचं विधान अक्षरशः खरं आहे. पण एकूण ३०० जागांपैकी २१० त्या एकाच सभागृहात आहेत. आपलं मूल तिथल्या वर्गात बसलं तर दहांपैकी सात वेळा ते त्या सभागृहात असेल. म्हणून टक्केवारी बघू नये, तक्ता बघावा. तो कुठे मिळतो ते पुढे सांगते.

आता प्रवेशाच्या टक्केवारीकडे. ही टक्केवारी म्हणजे अपूर्णांक आहे. छेद वाढवला की किंमत उतरते आणि छेद वाढवणं विद्यापीठाच्या हातात असतं. १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून कॉमन अ‍ॅप सुरू केलं, आज तिथे हजाराच्या वर संस्था आहेत. त्यामुळे एक जास्तीचा अर्ज करायला मुलाला फारसे कष्ट उरले नाहीत. २०२० नंतर बहुतेकांनी एसएटीची सक्ती उठवली आणि अर्ज आणखी फुगले. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९९६ मध्ये रिचर्ड फ्रीलंड अध्यक्ष झाले तेव्हा ते १६२ व्या क्रमांकावर होतं, दहा वर्षांनी ९८ व्या. सूत्राचा बारकाईनं अभ्यास करून, त्याला धरून पावलं टाकून हे घडवलं गेलं. पुढे तिथली प्रवेशाची टक्केवारी एकेरी आकड्यात आली. या प्रवासात तिथलं शिक्षण सुधारलं नाही असं मी म्हणत नाही. खूप काही सुधारलं. पण एकेरी टक्केवारी हा त्या सुधारणेचा पुरावा नव्हे. खुद्द यू. एस. न्यूजनं २०१८ मध्ये हा निकष सूत्रातून काढून टाकला. आपल्या घरांत मात्र तो अजून तिसऱ्या रकान्यात बसलेला आहे.

तिसरा मुद्दा, जास्त अर्ज म्हणजे जास्त शक्यता. त्या मुलाच्या बाबांनी मला गणित करून दाखवलं. प्रत्येक ठिकाणी शक्यता १० टक्के धरली, तर नकाराची ९० टक्के. वीस वेळा नकार येण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे जेमतेम १२ टक्के. "म्हणजे कुठेतरी लागण्याची ८८ टक्के!" गुणाकार बरोबर होता. पण हा गुणाकार नाण्यांना लागू पडतो, कारण एका नाण्याचा दुसऱ्याशी संबंध नसतो. इथे वीस कचेऱ्यांत एकच फाईल जाते. तीच गुणपत्रिका, तोच निबंध, शिक्षकांची तीच दोन पत्रं. फाईलमध्ये जे उणं आहे ते विसावा वाचणाराही बघणार. सगळ्या कचेऱ्यांनी अगदी एकसारखा विचार केला तर वीस अर्जांची शक्यता एका अर्जाइतकीच राहते, दहा टक्के. खरं उत्तर दहा आणि अठ्ठ्याऐंशीच्या मधे कुठेतरी असतं, आणि आईवडील नेहमी वरचं टोक धरतात.

शिवाय प्रत्येक अर्ज मुलाकडून काहीतरी काढून घेतो. बहुतेक विद्यापीठांना स्वतःचे छोटे निबंध हवे असतात, आणि त्यातला एक प्रश्न हमखास असा असतो की आमच्याकडेच का यायचंय. मी त्या मुलाला म्हटलं, तू लिहिलेलं एक उत्तर वाच, पण विद्यापीठाचं नाव झाकून. त्यानं वाचलं. चैतन्यमय आवार, नामवंत प्राध्यापक, विविध पार्श्वभूमीचे सहाध्यायी. मी विचारलं, "हे कुठल्या विद्यापीठाबद्दल आहे?" तो गप्प बसला. खालचं नाव बदललं असतं तर वीसच्या वीस ठिकाणी ते उत्तर चाललं असतं, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळलं असतं. बुटांच्या खोक्यातल्या हिरव्या रेघेबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

यावर एक भक्कम आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे गेले तर माझा पक्ष लंगडा राहील. नावाला किंमत असते. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये दाखवलं की आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारा संस्थांत गेलेल्या मुलांची उत्पन्नाच्या सर्वात वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता बऱ्यापैकी वाढते. हे मान्य करायला हवं. पण त्याच अभ्यासात सरासरी उत्पन्नावर परिणाम फारसा दिसला नाही, आणि अभ्यास त्या बारा संस्थांपुरता आहे. त्यावरून छत्तिसावं आणि सत्तेचाळिसावं यांत काय फरक आहे हे निघत नाही. त्याआधी, २००२ मध्ये, स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी असं पाहिलं की ज्या मुलांनी सारख्याच तोलाच्या विद्यापीठांत अर्ज केले आणि ज्यांना सारखेच होकार आले, त्यांच्यात अधिक निवडक ठिकाणी गेलेले आणि कमी निवडक ठिकाणी गेलेले पुढे साधारण सारखंच कमावतात. अपवाद होता तो मुख्यतः गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना निवडक ठिकाणी जाण्याचा खरा फायदा झाला. तेव्हा आमच्या एडिसन गावातल्या, दोघंही आयटीत असलेल्या घरानं या बाबतीत फार घाबरायचं कारण नाही.

कुणी म्हणेल, बाबासाहेबसुद्धा १९१३ मध्ये कोलंबियाचं नाव बघूनच गेले ना? तेव्हा ही यादी नव्हती, यू. एस. न्यूजची पहिली क्रमवारी १९८३ ची. आणि बाबासाहेबांनी पुढे कोलंबियाची आठवण काढली ती माणसांच्या नावांनी. ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन. आपण कुणाकडून काय शिकलो हे त्यांना पुढच्या आयुष्यातही नेमकं सांगता येत होतं. आपल्या मुलाला चार वर्षांनी असं सांगता यावं, एवढीच अपेक्षा यादी करताना ठेवली तरी यादी बदलते.

खंडन झालं. आता माझं मंडन.

सुरुवात विषयापासून करावी आणि त्यात डोळे उघडे ठेवावेत. रँकच्या यादीत एमरी आणि जॉर्जटाऊन ज्या उंचीवर असतात त्याच उंचीवर इंजिनिअरिंगची नावाजलेली विद्यापीठंही असतात. म्हणून मेकॅनिकल शिकायची इच्छा असलेली मुलं या दोघांचीही नावं यादीत टाकतात. या दोन्ही विद्यापीठांत इंजिनिअरिंगची शाखाच नाही. दरवर्षी माझ्याकडे अशी एकतरी यादी येते. मध्यम विद्यापीठांत हे जास्त जपून बघावं लागतं, कारण सगळे विभाग सारखे मजबूत ठेवणं त्यांना झेपत नाही. एखादा विभाग जगातल्या उत्तम विभागांपैकी असतो आणि शेजारच्या विभागात चार प्राध्यापक, पुढचा कोर्स दोन वर्षांतून एकदा. विभागाचं गेल्या दोन वर्षांचं वेळापत्रक उघडून हवे ते कोर्स खरोखर शिकवले गेले का, हे बघायला अर्धा तास पुरतो. विषय बदलावासा वाटला तर एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाता येतं की पुन्हा अर्ज करावा लागतो, हेही तिथेच विचारून घ्यावं.

त्या मुलाच्या यादीत केस वेस्टर्न रिझर्व्ह होतं. कारण विचारल्यावर तो उजळून म्हणाला, "मायकेलसन आणि मॉर्लींनी १८८७ मध्ये तिथेच प्रयोग केला!" मला त्याचं फार कौतुक वाटलं. तरीही मी त्याला म्हटलं, १८८७ चा प्रयोग हे कारण होऊ शकत नाही. आज तिथे प्रकाशावर कोण काम करतंय आणि ते पदवीच्या मुलांना हाताशी घेतात का, ते शोध. मग ते नाव ठेव किंवा काढ.

मग कॉमन डेटा सेट. बहुतेक विद्यापीठं दरवर्षी हा तक्त्यांचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. दिसायला रुक्ष असतो, पण मुलाच्या कामाचं सगळं त्यात असतं. आय-३ मध्ये वर्गांचे आकार गटवार दिलेले असतात: दोन ते नऊ विद्यार्थी, दहा ते एकोणीस, असं करत शंभरच्या वरपर्यंत. वर सांगितलेलं सभागृह इथे सापडतं. सी-७ मध्ये प्रवेशाच्या निकषांची यादी आणि प्रत्येकापुढे चार चौकटी असतात: अत्यंत महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही. तिथे अर्जदारानं दाखवलेल्या स्वारस्याची एक ओळ असते. काही विद्यापीठं त्यावर "विचारात घेत नाही" अशी खूण करतात, काही "महत्त्वाचं" म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी माहितीसत्राला न गेलेल्या आणि साचेबद्ध उत्तर पाठवलेल्या हुशार मुलाला नकार येतो, आणि घरचे म्हणतात, याला लॉटरीच म्हणायची. सी-२१ मध्ये अर्ली डिसिजनचे अर्ज किती आले आणि किती घेतले ते असतं. हे आकडे एकूण आकड्यांतून वजा केले की जानेवारीत अर्ज करणाऱ्यांची खरी टक्केवारी मिळते. अनेक खासगी विद्यापीठांत ती छापलेल्या टक्केवारीपेक्षा बरीच कमी निघते.

अर्ली डिसिजन म्हणजे घेतलं तर येणारच, असा शब्द. एक नोव्हेंबरला तो द्यायचा आणि डिसेंबरात तो बांधतो. ज्या घराला चार ठिकाणची मदत शेजारी ठेवून तुलना करायची आहे, त्या घरानं हा शब्द देण्याआधी पुन्हा विचार करावा. इथे पैशाची गोष्ट येते, आणि ती आपल्या घरांत सगळ्यात शेवटी, दार लावून बोलली जाते. बऱ्याच खासगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च आता ९०,००० डॉलरच्या पुढे आहे. टफ्ट्स किंवा जॉर्जटाऊन मदत देतात ती गरज पाहून, मार्कांवर नाही. केस वेस्टर्न आणि रॉचेस्टर गुणवत्तेवरही शिष्यवृत्ती देतात. ज्यांचा पगार कागदावर मोठा आहे पण महिन्याच्या शेवटी हातात फार उरत नाही, त्यांच्या दृष्टीनं हा फरक वर्षाला हजारो डॉलरचा असतो. गरजेच्या मदतीचा अंदाज देणारं नेट प्राइस कॅल्क्युलेटर २०११ पासून प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बंधनकारक आहे. ऑगस्टातल्या एका संध्याकाळी मुलाला शेजारी बसवून ते भरावं, मार्चमध्ये त्याला धक्का देऊ नये.

पुण्याहून थेट अर्ज करणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न बघता प्रवेशाचा निर्णय घेणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. बाकी ठिकाणी मदत मागितली की अर्जाचं वजन बदलतं. त्यांची यादी या एका प्रश्नावरूनच सुरू व्हायला हवी. रँक बघून वीस नावं काढायची आणि प्रत्येकाकडे पूर्ण मदत मागायची, यात घराचे अर्जाचे पैसे जातात आणि मुलाचा जीव जातो.

आणि यादीतल्या खालच्या नावांबद्दल. घरी "सेफ्टी" म्हणतात आणि ती नावं शेवटच्या दिवशी, विचार न करता भरतात. ज्या ठिकाणी आनंदानं जाता येणार नाही ते ठिकाण यादीत ठेवणं म्हणजे मुलाला मार्चमध्ये शिक्षा देण्याची तयारी ऑक्टोबरात करून ठेवणं. रट्गर्स मोठं आहे म्हणून ते कमी नाही. तिथे कुणाकडे शिकायचं हे ठरवून गेलेलं मूल मी चार वर्षांनी पाहिलं आहे, आणि नावासाठी मध्यम विद्यापीठात जाऊन सभागृहाच्या मागच्या रांगेत हरवलेलंही पाहिलं आहे.

पुढच्या बुधवारी मी डबा परत द्यायला गेले तेव्हा शीट उघडीच होती. नावं नऊ उरली होती. रॉचेस्टरची लाल रेघ निघाली होती, केस वेस्टर्न टिकलं होतं, आणि पहिल्या रकान्याचं शीर्षक बदललं होतं: "कुणाकडे, काय". सात ओळींत काहीतरी लिहिलेलं होतं, दोन अजून कोऱ्या. रँकचा रकाना मैत्रिणीनं काढू दिला नव्हता, तो उजवीकडे शेवटी गेला होता. मुलगा एका विभागाला ईमेल लिहीत होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करता येतं का, असा प्रश्न होता, आणि खाली खोक्याचा फोटो जोडला होता. मैत्रिणीनं चष्मा लावून मजकूर वाचला, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे तुझ्या त्या हिरव्या रेघेबद्दल लिही ना. फोटोत ती दिसत नाहीये."